रिकामं बसणं कुणाला परवडतं?

१.२ टक्के. हा आकडा मनात धरा. कशाचा ते सांगतोच, पण आधी त्याचा लहानपणा नीट जाणवू द्या. शंभर माणसं रांगेत उभी करा आणि त्यातला एक जण बाजूला काढा. दुसऱ्याला हात लावायचीही गरज जवळजवळ पडत नाही, इतका हा आकडा छोटा आहे. १९७२-७३ साली भारताच्या खेड्यांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या पुरुषांपैकी इतकेच बेकार होते, अशी नोंद राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २७ व्या फेरीनं केली. देशातली बेकारी अशी रीतसर, सविस्तर मोजण्याची ती पहिली मोठी खेप.

आता त्याच वर्षाकडे महाराष्ट्रातून पाहा. बाहत्तरचा दुष्काळ. घरातल्या कुणी वडीलधाऱ्यानं मिलोच्या लाल भाकरीबद्दल आणि सुकडीबद्दल सांगितलं असेल, तर ते आठवा. रस्त्याकडेला खडीचे ढीग, उन्हात बसलेली माणसं, हातात हातोडी. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. सर्वेक्षणाची फेरी चालली ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३, म्हणजे नेमकी या खडीच्या ढिगांमधून. आणि खडी फोडणारा माणूस बेकार नसतो. त्याला काम आहे, मजुरी आहे. नोंद करणाऱ्यानं काहीही लबाडी केलेली नाही.

आकडाही खरा आणि खडीही खरी. दोन्ही एकदमच मनात राहू द्या. एकानं दुसऱ्याला खोटं पाडावं असं वाटू लागेल. तो मोह थोडा वेळ बाजूला ठेवा.

बसायला जागा हवी, म्हणून करडीला चला. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं हे गाव, वैनगंगेच्या खोऱ्यातलं. सगळा धानाचा मुलूख. मालगुजारीच्या काळातले मामा तलाव आणि शेतकऱ्यांच्या बोड्या या जिल्ह्यात इतक्या, की तलावांचा जिल्हा हीच त्याची ओळख. एखाद्या बांधीच्या धुऱ्यावर बसलो आहोत असं समजा. महिना एप्रिलचा घ्या. धान केव्हाच घरी किंवा खरेदी केंद्रावर गेलं. त्याच ओलीवर टाकलेली लाखोळीही निघाली. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांचे उन्हाळी धानाचे हिरवे तुकडे सोडले, तर नजर जाईल तिथवर तणसाचा रंग. शेतात कुणी नाही. आत्ता कुणी बेकारी मोजायला आलं तर त्याला काय दिसेल?

एक बाई मनात आणा. खरी कुणी नव्हे. पण या भागात वावरलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटावी. दोन एकराची बांधी, एक म्हैस, नवरा, शिकणारी दोन मुलं. तिचं वर्ष तिच्या चालीनं चालून पाहू.

मृगाचा पाऊस पडला की पऱ्हे टाकायचे. जुलैत चिखलणी झाली की रोवणी. आधी स्वतःची, मग दुसऱ्यांची, रोजानं नाहीतर हुंड्यानं. बायांचा जत्था ठरतो, एकराचा भाव ठरतो, आणि दिवसभर गुडघ्याएवढ्या चिखलात वाकून मागं मागं सरकत रोपं लावायची. त्या पंधरावीस दिवसांत गावात रिकामी बाई शोधून सापडत नाही. बाहेरगावचे शेतकरी गाडी पाठवून बाया नेतात. पाय चिखलानं कुजतात, बोटांत चिखल्या होतात. ऑगस्टचा मध्य उलटला की एकदम सामसूम. मग थोडं निंदण. दिवाळीच्या मागंपुढं कापणी, कडपा वाळायला टाकायच्या, पुंजणे घालायचे, आभाळाकडे बघत राहायचं. हल्ली मोठ्या बांधीत हार्वेस्टर शिरतो आणि आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकतो. हिवाळ्यात लाखोळी. कुणी टोळीनं तेलंगणात मिरची तोडायला जातं, कुणी नागपूरला बांधकामावर. मार्च-एप्रिलात पहाटे उठून मोहफुलं वेचायची. मे महिन्यात तेंदूपत्ता, ७० पानांचा एक पुडा, पहाटे चारला जंगलात आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायला रांगेत. आणि या सगळ्याच्या आतबाहेर, कधीही न थांबणारी ती म्हैस.

हे वर्ष एकदा पूर्ण डोळ्यांपुढून जाऊ द्या. मग स्वतःला विचारा, ही बाई बेकार आहे का?

पटकन उत्तर देऊ नका. ज्यांनी या प्रश्नाचं पटकन उत्तर दिलं नाही अशा काही माणसांमुळेच आपल्याकडची मोजणी इतकी वेगळी झाली आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुरुवातीला, १९५६ साली, देशात ५३ लाख बेकार आहेत असा एकच आकडा धरून हिशेब मांडले गेले होते. पुढं सरकारनं मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक मो. ला. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं १९७० साली अहवाल दिला आणि साफ सांगितलं, की ज्या देशात बहुतेक लोक घरच्या शेतात, घरच्या धंद्यात आणि मिळेल त्या रोजावर जगतात, तिथं बेकारीच्या एका आकड्याला अर्थ नाही. माणसाला वेगवेगळ्या अंतरांवरून पाहा. एकदा वर्षभराच्या अंतरावरून, एकदा आठवड्याच्या, एकदा एकेका दिवसाच्या. सरकारी समितीचे अहवाल वाचून माणूस सहसा अंतर्मुख होत नाही. हा अपवाद मानावा.

तर त्या तीन अंतरांवरून आपल्या बाईकडे पाहू.

वर्षाच्या अंतरावरून विचारतात, गेल्या ३६५ दिवसांत तुमचा जास्त काळ कशात गेला? ती म्हणेल, घरकामात. तिथं ती ‘कामाच्या बाजारात नसलेली’ ठरते. पुढचा प्रश्न, त्याशिवाय ३० दिवस किंवा जास्त काही काम केलं? रोवणी, कापणी, तेंदूपत्ता मिळून महिना सहज भरतो. झालं, ती कामगार. उरलेले अकरा महिने तिनं कामाची वाट पाहिली असली तरी वर्षाच्या चित्रात ती बेकार दिसणार नाही.

आठवड्याच्या अंतरावर प्रसंग असा घडतो. समजा एप्रिलातच पाहणीवाला दारात आलाय. मांडीवर टॅब, अंगणात टाकलेली खाट.

“मावशी, गेल्या सात दिवसांत काही काम केलं का?”

“काम कुठं हाय जी आता. घरीच आहो.”

“म्हैस कोण पाहतो?”

“मीच पाहतो जी. दुसरं कोण पाहणार?”

“दूध विकता का?”

“थोडंसंक.”

पाहणीवाला चांगला असेल तर हा दुसरा-तिसरा प्रश्न विचारतो, आणि बाई कामगारांत जमा होते. कंटाळलेला असेल, त्या दिवशीचं त्याचं दहावं घर असेल, तर पहिल्या उत्तरावर थांबतो आणि तिची नोंद घरकामाच्या ९२ क्रमांकाच्या खुणेनं होते. सरपण, रानभाजी, गुरांचा चारा आणते असं कळलं तर ९३. सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी पैशाचं किंवा घरच्या धंद्याचं काम झालं असलं, तरी तो आठवडा कामाचा.

एक तास. इथं जरा थांबा. तुमच्या स्वतःच्या गेल्या आठवड्यातला एक तास आठवा, कुठलाही. तेवढ्यावर आठवडाभराची ओळख ठरते. नियम मूर्खपणाचा नाही. जगभर असाच आहे, कारण कुठंतरी रेघ मारावीच लागते. पण रेघ कुठं मारली आहे ते ठाऊक असलं म्हणजे आकडा ऐकताना मान किती हलवायची ते कळतं.

दिवसाच्या अंतरावर मात्र चित्र पालटतं. सात दिवसांचे चौदा अर्धे दिवस करायचे आणि प्रत्येक अर्ध्या दिवसाचा हिशेब घ्यायचा. काम होतं की नव्हतं, आणि नसेल तर मिळालं असतं तर गेला असता का. रोवणी संपल्यावरच्या आठवड्यात दोन दिवस निंदण मिळालं आणि पाच दिवस मिळालं असतं तरी गेली असती, तर ते पाच दिवस बेकारीच्या खात्यात पडतात. बाई तीच, आठवडा तोच.

आता १९७२-७३ कडे परत जा आणि खेड्यातल्या स्त्रियांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. वर्षाच्या अंतरावरून त्यांच्यातली बेकारी ०.५ टक्का. आठवड्याच्या, ५.५. दिवसाच्या, ११.२. एकाच पाहणीत, त्याच बायांची, बावीसपट फरकानं. आपण बेकारीचा दर वाढला किंवा घटला म्हणतो, तेव्हा यातला कुठला?

याच सुमारास, १९७३ मध्ये, अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी हाच गुंता दुसऱ्या बाजूनं उकलला. वेळ रिकामा आहे का, मिळकत पोटापुरती आहे का, आणखी काम करायची तयारी आहे का, आणि जे काम चाललंय त्यातून खरंच काही निपजतं का, असे चार वेगळे प्रश्न आहेत, आणि माणूस एकात बेकार व दुसऱ्यात कामकरी असू शकतो. चारही प्रश्न आपल्या बाईला मनातल्या मनात विचारून पाहा. शेवटच्या प्रश्नाशी फार वेळ लागेल. दोन एकरात नवरा, बायको, दीर आणि सुट्टीत आलेली मुलं असे पाच जण राबले, आणि त्यातले दोघे उद्या निघून गेले, तर धान कमी होईल का?

आता दशकं सरकू द्या. सावकाश, एकामागून एक. खेड्यातल्या पुरुषांचाच आकडा धरू, वर्षाच्या अंतरावरचा. १९७७-७८ मध्ये १.३. १९८३ मध्ये १.४. १९८७-८८ मध्ये १.८, तेही दुष्काळाचं वर्ष. १९९३-९४ मध्ये पुन्हा १.४. शतक संपताना १.७. २००४-०५ मध्ये १.६, २००९-१० मध्येही १.६. २०११-१२ मध्ये १.७.

चाळीस वर्षं. आणीबाणी आली आणि गेली, बँका गावात आल्या, १९९१ मध्ये अर्थव्यवस्थेची दारं उघडली, देशाची लोकसंख्या ५५ कोटींच्या आतून १२१ कोटींवर गेली. आकडा एक टक्काही हलला नाही. आलेखावर ही रेघ काढली तर तळ्याच्या निवांत पाण्यासारखी दिसेल.

त्या निवांतपणाखाली याच भागात काय काय हललं ते पाहा. मोहाडी, आंधळगाव, पवनीच्या कोष्ट्यांचे माग यंत्रमागापुढं एकेक करून थांबले. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची जागा स्टीलनं घेतली. तुमसरकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी चालू राहिल्या, जवाहरनगरला १९६४ पासून आयुध निर्माणी, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, देव्हाड्याला साखर कारखाना. तिथं लागला तो लागला. त्याच्या घराला पक्की भिंत आली, मुलीला स्थळ चांगलं मिळालं. बाकीच्यांसाठी बिडी होती, हजारावर मजुरी, घरबसल्या, सूप मांडीवर घेऊन. मागावरून उठलेला विणकर दुसऱ्या दिवशी बेकारांच्या यादीत गेला नाही. तो रोजानं धान कापायला गेला, पानठेला टाकला, नाहीतर नागपूरला हमालीला गेला. धंदा बुडाला, कसब गेलं, मिळकत अर्ध्यावर आली, आणि बेकारीचा दर होता तिथंच राहिला. बेकार म्हणवून घ्यायला आधी घरात चार महिन्यांचं धान्य लागतं. ते ज्याच्याकडे नाही तो मिळेल ते धरतो.

ही गोष्ट ज्यांना कागदावरून नव्हे तर गावातून कळली होती, त्यांनी दर मोजण्यात वेळ न घालवता कामच हमीनं द्यायचं ठरवलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना दुष्काळात राज्यभर पोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, अशी तिची बांधणी. मुंबईतल्या माणसानं त्या कापलेल्या रुपयांबद्दल कुरकुर केली असेल, पण कर भरला. हा महाराष्ट्राचा मला वाटतो तो सगळ्यात मोठा सामाजिक करार, आणि त्याची आठवण आपण फार कमी काढतो. पुढं केंद्रानं २००५ मध्ये १०० दिवसांच्या हमीचा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ ला तो ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत भंडारा होता. खेड्यातली बाई मस्टरवर अंगठा उठवू लागली, पुरुषाइतक्याच दरानं. एप्रिलच्या त्या सामसूम बांधीवर बसलेल्या आपल्या बाईला कुठंतरी तलावाचा गाळ काढायचं काम मिळालं, तर तिच्या वर्षात काय फरक पडेल, ते तुम्हीच मनाशी पाहा.

मग रेघ उसळली. २०१७-१८ मध्ये नव्या पद्धतीची पाहणी सुरू झाली, नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. खेड्यातल्या पुरुषांचा आकडा १.७ वरून ५.८ वर. देशाचा एकूण दर ६.१. अहवाल रोखून धरला म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. अहवाल अधिकृतपणे आला तो निवडणूक होऊन गेल्यावर, ३१ मे २०१९ ला. पंचेचाळीस वर्षांतला उच्चांक, असे मथळे झाले. नमुना निवडण्याची पद्धत बदलली, घरं निवडताना शिक्षणाची पायरी पाहिली गेली, म्हणून तुलना जपून करा, असंही सांगितलं गेलं. ते रास्तच आहे. पण एवढी उसळी सगळी पद्धतीच्या माथी मारता येत नाही.

या उसळीत कोण होतं, त्याला जवळून पाहू. देशभरात १५ ते २९ वयातला बेकारीचा दर त्या वर्षी १७.८ टक्के होता. आपल्या बाईचा मुलगा मोठा झालाय. बारावी, मग बीए. पहाटे पाचला तो गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावतो, सोबत चारपाच जण, एकाच्या हातात मोबाईलचं घड्याळ. पोलीस भरतीला पुरुषांसाठी १६०० मीटर धावणं असतं, वेळेनुसार गुण. रस्त्यालगतच्या झाडांना त्यांनी मनातल्या मनात अंतरं दिलेली असतात. पळून झाल्यावर गोळाफेक, मग अंघोळ करून अभ्यासिकेत. दुपारी चालू घडामोडी, संध्याकाळी बुद्धिमत्ता चाचणी. राज्यात २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागं शंभराच्या आसपास. सबंध भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाख होती. त्याहून मोठा जमाव एका भरतीच्या रांगेत.

हा मुलगा कोण? त्याच्या आजोबांच्या वेळी या वयाचा पोट्टा नांगरामागं होता आणि १.२ टक्क्यांत बसत नव्हता. हा बसतो, कारण त्याला वाट पाहता येते. आई रोवणीला जाते, तेंदूपत्ता तोडते, दूध विकते, आणि त्या पैशातून त्याची पुस्तकं, बूट, अर्जाचं शुल्क निघतं. तो ‘बेकार’ ही नोंद मिळवू शकला, ती तिच्या न मोजलेल्या कामामुळे. हे वाक्य जरा मनात मुरू द्या. खेड्यातली बेकारी वाढली याचा एक अर्थ निघतो, की पहिल्यांदाच एवढ्या घरांनी आपल्या एका माणसाला वाट पाहायला बसवलं. त्यात आशा होती. वय उलटत गेलं तशी ती आशा कशात बदलते, तेही त्या घरांना विचारावं.

आणि गंमत बघा, हाच मुलगा रोवणीत बापाच्या बांधीत महिनाभर उतरला असेल, तर पूरक कामाच्या रकान्यात तो कामकरी ठरतो आणि मुख्य दरातून अलगद निसटतो.

२०२० आलं. तेलंगणातून मिरची तोडणारे मजूर पायी निघाले, तेही उन्हाळ्यात. त्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाच्या शहरांतला आठवड्याच्या अंतरावरचा दर २१ टक्क्यांच्या जवळ गेला. पण जुलै २०१९ ते जून २०२० या सबंध वर्षाचा दर निघाला ४.८, आधीच्या वर्षाच्या ५.८ पेक्षा कमी! टाळेबंदीच्या वर्षात बेकारी घटली. चूक कुठंही नाही. वर्षाच्या चित्रात तीन महिने विरघळतात, आणि शहरातून घरी परतलेला माणूस सातबाऱ्यावर नाव असो नसो, बांधीत उतरतोच. काम नसलेल्या शेतातही काम दिसतं.

त्यापुढचे आकडे एका लयीत उतरतात. ४.२, ४.१, ३.२, आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा ३.२. खेड्यातला पुरुष ५.८ वरून २.७ वर. टाळ्या वाजवण्याआधी त्याच तक्त्यातले शेजारचे रकाने पाहा. देशातल्या काम करणाऱ्यांपैकी शेतीतले २०१७-१८ मध्ये ४४.१ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ४६.१. स्वतःच्या धंद्यात, शेतीत असलेले ५२.२ वरून ५८.४. त्यांतलेच घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारे, १३.६ वरून १९.४. खेड्यातल्या पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांत कामाच्या बाजारात असलेल्यांचं प्रमाण २४.६ वरून ४७.६ वर गेलं, म्हणजे सहासात वर्षांत जवळपास दुप्पट. हा बदल आनंदाचा म्हणायचा की ओढाताणीचा, यावर जाणकारांत वाद आहेत. माझा कौल ओढाताणीकडे झुकतो, पण पूर्ण नाही. कारण एक शक्यता अशीही आहे, की म्हैस कोण पाहतो हा पुढचा प्रश्न पाहणीवाले आता जास्त नेमानं विचारू लागले असतील. तसं असेल तर ती बाई पूर्वीही राबतच होती. दिसायला मात्र आत्ता लागली.

जगाकडे एक नजर टाकून परत येऊ. महामंदीत, १९३३ साली, अमेरिकेतला दर २५ टक्क्यांच्या घरात होता. स्पेनमध्ये २०१३ साली २६. आपल्या १.२ पुढं हे आकडे भयंकर वाटतात. पण आजच्या स्पेनमधल्या बेकाराला भत्ता मिळतो, तो घरी बसून पुढची नोकरी शोधतो आणि दरात मोजला जातो. करडीच्या बाईला भत्ता नाही, म्हणून ती चारला उठते. दोन देशांच्या दरांची तुलना करणारा तक्ता पुन्हा कधी दिसला, तर त्यात भत्त्याचा रकाना आहे का ते शोधा, बहुधा नसतो.

आता पुन्हा धुऱ्यावर लक्ष आणा. ऊन चढलंय, उठायची वेळ झाली. पन्नास वर्षांची ती रेघ एकदा सबंध पाहा. चाळीस वर्षं सपाट, मग कडा, मग उतार. सपाट भागात सुबत्ता नव्हती, कड्यात नुसती दुर्दशा नव्हती, उतारावर नुसती प्रगती नाही. दर एकाच गोष्टीबद्दल बोलतो, की त्या क्षणी किती जणांना काम नाकारून किंवा शोधत थांबता आलं. हातातल्या कामाला किती दाम मिळाला, हे सांगायचं काम त्याच्याकडे कुणी दिलेलंच नाही, आणि आपण मात्र त्यालाच विचारत बसतो.

मे २०२५ पासून हा आकडा दर महिन्याला जाहीर होऊ लागला आहे, आठवड्याच्या अंतरावरचा. पहिला, एप्रिल २०२५ चा, ५.१ टक्के होता. तेव्हा तो आता वारंवार कानावर येणार, बातमीच्या पट्टीत, भाषणात, चहाच्या टपरीवरच्या वादात. कुणी छाती फुगवून सांगितला किंवा कपाळाला हात लावून, तरी दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाऊ देऊ नका. कुठल्या अंतरावरून मोजलाय? आणि ज्यांना काम आहे असं म्हणताय, त्यांतल्या किती जणांना महिन्याच्या शेवटी पैसे मिळतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच सर्वेक्षणाच्या वार्षिक अहवालात छापलेलं असतं.